मॅडमचा चुकलेला इशारा

आमच्या मॅडम माणसांना अरे-तुरे करायच्या आणि यंत्रांना अहो-जाहो.

"काय गो, जेवलीस का?" असं मला विचारून त्या वळायच्या आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या जुनाट सर्व्हरला म्हणायच्या, "अहो, उठा आता. लाइट येऊन किती वेळ झाला!" कॉलेजच्या प्राचार्यांनाही त्या एकेरीतच बोलवत, कारण ते त्यांचेच विद्यार्थी. ऑसिलोस्कोप बिघडला, की मात्र दारावर पाटी लागायची : 'त्यांना आज बरं नाही. कृपया हात लावू नये.' मॅडमनी लग्न केलं नव्हतं. मुलं आपसात म्हणायची, की आयुष्यभराचं 'अहो' साठून राहिलं होतं, ते सगळं त्या सर्व्हरच्या वाट्याला आलं. ही थट्टा त्यांच्या कानावर गेली, तेव्हा त्या सर्व्हरकडे वळून एवढंच म्हणाल्या, "ऐकलंत?"

आमचं अभियांत्रिकी कॉलेज रत्नागिरीबाहेर सड्यावर होतं. सगळा काळा-तांबडा कातळ, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या आणि समुद्रावरून येणारा वारा. हा वारा खिडकीतून आत येऊन आमची सर्किटं गंजवायचा. मी सांगलीकडची. नोकरी आणि पीएच.डी. एकत्र करता येईल म्हणून इथे आले, तेव्हा इथल्या बोलण्यातला हेल समजून घेण्यातच पहिले काही आठवडे गेले. 'गो' लावून कोणी बोललं, की ते रागावलंय की लाडात आहे हे कळायचं नाही. मॅडमच्या बाबतीत ते शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

मुलाखतीत त्यांनी मला रेडिओ लहरी ओल्या झाडांतून जाताना काय होतं, असं काहीतरी विचारलं. मी जे येत होतं ते आणि जे येत नव्हतं तेही सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मधे कुठेतरी 'माहीत नाही' होतं, ते गिळलंस. परत सांग, आणि ते ठेव जागेवर."

तोंडी परीक्षेत त्या 'माहीत नाही' या उत्तराला खरोखर मार्क द्यायच्या. बाहेरून आलेले परीक्षक हैराण व्हायचे. मुलांना वाटायचं सोपं आहे, सगळ्यालाच 'माहीत नाही' म्हणू. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "काय माहीत नाही?" आणि मग नेमकं काय माहीत नाही ते सांगता सांगता घाम फुटायचा.

दिसायला त्या बारीक, उंच, सुती साडीतल्या. पायात कॅनव्हासचे बूट, कारण प्रकल्पासाठी सारखं डोंगर चढावं लागायचं आणि बूट बदलण्यात वेळ घालवणं त्यांना पटत नसे. अंबाड्यात टेस्टर खोवलेला. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला त्या अबोलीचा गजरा माळून आल्या होत्या; गजऱ्यातून टेस्टरचं पिवळं टोक बाहेर आलेलं. नवऱ्या मुलाच्या आत्याने ते काढायला हात पुढे केला, तेव्हा मॅडमनी तिचा हात हळूच बाजूला केला. "असूं दे हो. तो नसला की मान हलकी लागते."

जेवण प्रयोगशाळेतच. डब्यात भात आणि सोबत सुका बांगडा. आमच्याकडे मातीचे नमुने वाळवायचा एक ओव्हन होता. बांगडा भाजायला तो अगदी योग्य तापमानाला लावता येतो, असा शोध त्यांनी लावला होता. पुढे आमच्या मातीच्या नमुन्यांना कित्येक दिवस बांगड्याचा वास यायचा. एकदा पुण्याहून पाहुणे प्राध्यापक आले. त्यांनी नमुना नाकाशी नेला आणि गंभीरपणे विचारलं, "सागरी गाळ आहे का?" मॅडम म्हणाल्या, "नाही, माझं जेवण आहे."

त्यांचं घर मालगुंडला. वडील बोटीवर खलाशी होते. सुट्टी संपवून निघताना ते परत कधी येणार हे कधीच सांगत नसत, असं मॅडम सांगायच्या. लहानपणी त्या दारात आडव्या उभ्या राहायच्या, "बाबा, कधी येणार सांगा." वडील म्हणायचे, "निघालो की सांगीन निघालो म्हणून. येणार ते समुद्राला विचार." त्यामुळे असेल, पण कुठलंही काम अमुक तारखेला होईल असं वचन मॅडमच्या तोंडून कधी निघालं नाही. 'प्रकल्प केव्हा पूर्ण होईल?' असं वरून विचारणा करणाऱ्यांना त्यांचं उत्तर ठरलेलं, "सुरू आहे."

तर हा प्रकल्प. संगमेश्वर तालुक्यात देवरूखच्या पुढे, सह्याद्रीच्या अंगाला एक गाव आहे. गावाची वरची वाडी अगदी डोंगराच्या कुशीत बसलेली. घरांच्या मागे दगडी कुंपणाचा गडगा, गडग्याच्या मागे उभा उतार. पावसाळ्यात अशा उतारांची माती पाणी पिऊन जड होते आणि कधीतरी दरड खाली येते. पण एकदम येत नाही. आधी बारीक बारीक सरकते, डोळ्यांना न दिसण्याइतकी. ते सरकणं पकडायचं, असं आमचं काम. उतारावर लोखंडी पाइपचे खांब पुरले होते. त्यांच्या पोटात खांब किती झुकला ते मोजणारा आणि मातीतली ओल मोजणारा असे सेन्सर. सगळी माहिती रेडिओवरून खालच्या शाळेतल्या पेटीत आणि तिथून आमच्या प्रयोगशाळेत. त्या आकड्यांच्या ढिगातून 'आता धोका आहे' हे ओळखणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझं. माझी पीएच.डी. त्याच्यावरच.

खांब पुरायला गेलो, तेव्हा वरच्या वाडीतले अप्पा गडग्यावर बसून बघत होते. सत्तरी ओलांडलेले, उघडे, कमरेला पंचा, खांद्यावर कोयता. वाडीत त्यांचा शब्द चालायचा.

"हे काय करनार?" त्यांनी विचारलं.

"डोंगर हलला तर सांगणार," मॅडम म्हणाल्या.

"डोंगर हलला तर आमाला दिसंल की. खांब कशाला हवा?"

"मोठा हलायच्या आधी थोडा हलतो. तो थोडा याला कळेल."

"आनि थोडा हलून थांबला तर?"

"तर आम्ही उगाच सांगितलं असं होईल."

अप्पांना हे उत्तर आवडलं नाही. कोयता उचलून ते म्हणाले, "उगाच सांगायचा आसंल तर कशाला सांगायचा!" आणि घराकडे गेले. उतरताना मॅडम मला म्हणाल्या, "प्रश्न चांगला विचारलान गो त्याने. प्रकल्प मंजूर करणाऱ्या समितीतल्या एकालाही सुचला नव्हता."

दोन पावसाळे नुसते आकडे गोळा करण्यात गेले. तिसऱ्या पावसाळ्यात आम्ही यंत्रणा खरोखर चालू केली. आणि त्याच वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी, सकाळी, माझ्या पडद्यावर तो लाल पट्टा आला.

चार दिवस पावसाने झड लावली होती. मातीतली ओल वरच्या टोकाला, आणि मधला खांब झुकत चाललेला. थोडा, मग थांबला, मग आणखी थोडा. पुस्तकात दाखवतात तसा. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी डबा बाजूला ठेवला, माझ्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. सगळे आकडे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काढायला लावले. पुन्हा तोच पट्टा. मग त्या हलक्या आवाजात सर्व्हरला म्हणाल्या, "अहो, नक्की ना?"

तेव्हा मात्र कोणाला हसू आलं नाही.

त्यांनी तालुक्याच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"मॅडम, खात्री आहे का?" पलीकडून आवाज आला.

"नाही."

"मग मी लोकांना ऐन सणात बाहेर कसं काढू? तुम्ही लेखी खात्री द्या, मी लगेच हलतो."

"खात्री नाही, तर लेखी कशी देऊ? शक्यता आहे. बऱ्यापैकी आहे."

"बऱ्यापैकी म्हणजे किती?"

"म्हणजे मी स्वतः तिकडे निघालेय, इतकी."

मग ते गृहस्थ म्हणाले, "शाळा उघडून ठेवायला सांगतो. लोक येतील तर त्यांना चहापाणी मिळेल. पुढचं तुम्ही बघा." मला तो माणूस शहाणा वाटला.

कॉलेजची जीप घेऊन आम्ही दुपारी पोचलो. वरच्या वाडीत मुंबईहून चाकरमानी आलेले, घरं सारवलेली, मखरं सजलेली. गणपतीच्या मूर्ती आणून पाटावर ठेवलेल्या, तोंडावर रुमाल. आणि आम्ही दारोदार जाऊन सांगत होतो, की घरं सोडा. लोक तोंडावर वाईट बोलले नाहीत. पण कोणी हलेना. सगळे अप्पांच्या घराकडे बघत होते.

अप्पा पडवीत उभे होते. "माज्या आज्यापास्नं या घरात गनपती बसतो. कंदी हाललेला नाय. तुजा खांब हालला म्हनून मी हालवू?"

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी छत्री मिटली, बूट काढले आणि पडवीच्या पायरीवर बसल्या.

"आता काय?" अप्पा म्हणाले.

"बसते. धोका आहे असं माझं यंत्र म्हणतंय. तुम्हा सगळ्यांना इथे ठेवून मी खाली कशी जाऊ? तुम्ही राहणार तर मीही राहते."

"तुमी जावा, बाय. तुमचा काय इथं?"

"माझाच तर खांब आहे."

पाऊस कौलांवर वाजत होता. अप्पांची सून दारात येऊन उभी राहिली. तिने मॅडमना चहा आणून दिला. मॅडमनी तो घेतला. अप्पा आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. पाहुणी बाई आपल्या दारात बसलेली आणि वर डोंगर. हे त्यांना सोसेना. शेवटी ते ओरडले, "उचला रे!" आणि मॅडमच्या नावाने काहीतरी पुटपुटत स्वतः मूर्तीचा पाट डोक्यावर घेतला. पाखाडीच्या निसरड्या पायऱ्यांवरून गणपती निघाला. बाजूने मॅडम, हात ताणून आपली छत्री मूर्तीवर धरलेल्या. स्वतः चिंब भिजलेल्या. अप्पांच्या मागून सगळी वाडी उतरली.

शाळेच्या एका वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली, वाडीतले सगळे गणपती ओळीने बसले. पहिल्या दिवशी लोक घुश्शात होते. प्रत्येक घर आपापली आरती वेगळी म्हणत होतं आणि एकाची आरती दुसऱ्याच्या आरतीत घुसत होती. दुसऱ्या दिवशी आपोआप एकच आरती झाली. व्हरांड्यात जाखडीचा नाच झाला. मॅडम बायकांमध्ये बसून नारळ खोवायच्या. फार वाईट खोवायच्या. करवंटीसकट येतंय असं कोणी म्हटलं, तर म्हणायच्या, "मग दुसरं काम द्या. इथून जा म्हणू नका."

पण डोंगर काही पडला नाही.

रोज सकाळी लोक तोंड धुताना वर बघायचे. डोंगर जागच्या जागी, हिरवागार. "काय मॅडम, काय म्हनतो डोंगर?" अशी विचारणा सुरू झाली. आधी ती काळजीची होती, मग चेष्टेची झाली. एक चाकरमानी जरा जोरात म्हणाला, "साहेबाच्या हातापाया पडून रजा घेतली ती शाळेच्या बाकावर झोपायला." मॅडमनी ऐकलं. त्या लॅपटॉपच्या पडद्यावरचे आकडे बघत राहिल्या. खांब आता झुकायचा थांबला होता.

गौरी आल्या त्या दिवशी उघडीप मिळाली. मॅडम आणि मी उतारावर चढलो. कडेचे खांब ताठ होते. मधला कललेला. पण त्याच्या मागेपुढे जमिनीला कुठे भेग नव्हती. मॅडम उकिडव्या बसल्या. खांबाच्या बुंध्याशी चिखल तुडवून गुळगुळीत झालेला, खुरांचे ठसे पाण्याने भरलेले. कमरेच्या उंचीला खांबावरचा गंज घासून चकचकीत झाला होता. तिथे काहीतरी अडकलं होतं. मॅडमनी अंबाड्यातला टेस्टर काढून ते सोडवलं आणि उजेडात धरलं. राठ, काळे, आखूड केस.

"म्हैस," त्या म्हणाल्या.

पावसात अंग खाजतं म्हणून एखादी म्हैस रोज येता-जाता खांबाला अंग घासत होती. थोडं आज, थोडं उद्या. माझ्या प्रोग्रॅमने ते डोंगराचं सरकणं समजून आख्खी वाडी रिकामी करवली होती.

मॅडम गडग्यावर बसल्या. मला वाटलं, आता त्या मला बोलतील. पण त्यांनी प्राचार्यांना फोन केला, कारण प्रकल्प कॉलेजचा होता.

प्राचार्य घाबरले. "मॅडम, हे कोणाला सांगायची गरज काय? पाऊस होता, माती ओली होती. धोका टळला असं म्हणा. लोकही खूश, आपणही. पुढच्या टप्प्याची मंजुरी यायचीय अजून."

"तू माझा विद्यार्थी ना रे?"

"हो मॅडम."

"मग ठेव फोन."

संध्याकाळच्या आरतीनंतर त्या गणपतींसमोर उभ्या राहिल्या. तेरड्याच्या गौरी शेजारी ठेवलेल्या, वर्ग माणसांनी भरलेला.

"डोंगर हलला नव्हता," त्या म्हणाल्या. "खांब हलला होता. एका म्हशीने त्याला अंग घासलं. आमच्या यंत्राला डोंगर आणि म्हैस यातला फरक कळला नाही. ते यंत्र आम्ही बनवलं, तेव्हा तो फरक आम्हालाच सुचला नव्हता. तुमचा सण आम्ही घराबाहेर काढायला लावला, तो चुकून. उद्या सकाळी घरी जा. मला माफ करा."

मग मागून एका पोराचा आवाज आला, "वरच्या वाडीत म्हस हाय कोनाची?"

वरच्या वाडीत म्हैस एकच होती. अप्पांची.

आधी बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग सगळा वर्ग हसायला लागला. अप्पा हसले नाहीत. ते उठून मॅडमच्या समोर आले. "म्हशीपायी माजा गनपती शालेत बसला? आनि उद्या परत सांगाया आलीस, तर कोन आयकनार तुजा?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

यावेळी त्यांच्याकडे मार्क देणारं कोणी नव्हतं.

पुढचे महिने वाईट गेले. देवरूखच्या बाजारात आम्हाला 'म्हशीवाल्या मॅडम' म्हणू लागले. पुढच्या टप्प्याची मंजुरी लांबली. माझा प्रबंध लांबला, कारण सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा होता. मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, आपण गप्प बसलो असतो तर मी आत्ता डॉक्टर झाले असते." त्या म्हणाल्या, "झाली असतीस. आणि तुझ्या प्रबंधात ती म्हैस तशीच राहिली असती." मॅडम एका परिषदेला गेल्या तेव्हा भाषणाची सुरुवातच त्यांनी या चुकीपासून केली. तिथे काही लोक हसले, काही नुसते बघत राहिले. एक म्हातारे गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत जवळ आले आणि आपल्या यंत्रात सरड्याने कसा घोटाळा केला होता ते सांगू लागले. तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगतोय, म्हणाले.

खांबांभोवती आम्ही जाळीचं कुंपण घातलं. एक खांब झुकला तर इशारा नाही, शेजारचाही हलला पाहिजे असा नियम केला. मॅडम नेमाने वाडीत जात राहिल्या. अप्पा आम्हाला बघून आत जायचे. सून बाहेर यायची, पाणी द्यायची, इकडचं तिकडचं बोलायची. मॅडम म्हशीपाशी जाऊन उभ्या राहायच्या, तिच्या पाठीवर हात फिरवायच्या. तिलाही त्या 'अहो' म्हणू लागल्या होत्या.

दोन पावसाळ्यांनंतर, जुलै सरता सरता, पट्टा पुन्हा लाल झाला.

यावेळी दोन खांब झुकले होते. कुंपणं शाबूत असल्याचं शाळेतल्या गुरुजींनी जाऊन बघून सांगितलं. वर गडग्याचे दोन चिरे निसटलेत, असंही ते म्हणाले. मॅडमनी फोन केले. "खात्री?" "नाही." सगळं तेच, तसंच. आम्ही जीप काढली. लाल पाण्याने रस्त्याकडेचे पऱ्हे दुथडी भरून चालले होते. मला एकच दिसत होतं, की आपण पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसणार आणि यावेळी चहासुद्धा मिळणार नाही.

पाखाडीच्या खाली आम्ही थांबलो, तर वरून अप्पा उतरत होते. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, एका हातात म्हशीचा कासरा, दुसऱ्या हातात कपड्यांचं बोचकं. मागे सून आणि नातवंडं. गुरुजींकडून कळलं असलं तरी बाकीची वाडी अजून दारांत उभी राहून इकडे-तिकडे बघत होती.

अप्पांनी मॅडमना विचारलं, "या खेपेस म्हस न्हाय ना?"

"म्हैस नाही. पण खात्री अजूनही नाही, अप्पा."

"ती कोन मागतो तुज्याकडं!" म्हणत ते मागे वळले आणि वर तोंड करून वाडीला ओरडले, "चला रे! काय बगताव? खोटा ठरला तर ही येऊन सांगंल. मागच्या खेपेस सांगितलान का नाय? आनि खरा ठरला, तर सांगायला आपन ऱ्हानार नाय!"

वाडी उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जेवत होतो. ट्रकमधून चिरे ओतावेत तसा आवाज झाला आणि तो थांबेचना. आम्ही अंगणात धावलो. वरच्या उताराचा हिरवा तुकडा झाडांसकट खाली येत होता. काही झाडं तशीच उभीच्या उभी खाली आली. मग सगळं शांत झालं. फक्त पाऊस. अप्पांचं घर, शेजारचा गोठा आणि गडगा होता तिथे लाल माती होती. माणसं सगळी अंगणात होती. बायका नावं घेऊन घेऊन मोजत होत्या, आणि पुन्हा मोजत होत्या.

अप्पा शाळेच्या कुंपणाला धरून उभे होते. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या.

"घर गेला गो, बाय," अप्पा म्हणाले.

"हो, अप्पा."

एवढंच. मॅडमनी छत्री अप्पांवर धरली आणि दोघं तशीच उभी राहिली. मॅडमचे खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, पत्रकार आले. आता सगळ्यांना मॅडम हव्या होत्या. एका तरुण पत्रकाराने माइक पुढे केला. "मॅडम, तुमची यंत्रणा किती टक्के अचूक आहे?"

"दोनदा सांगितलं. एकदा चुकलं."

"म्हणजे पन्नास टक्के?"

"दोनावरून टक्के काढत नाहीत रे."

तो गोंधळला. त्याने ते छापलं नाही. प्राचार्यांनी सत्कार ठेवला, त्यात मॅडम आल्या, नारळ घेतला आणि भाषण न करता बसल्या.

त्याच आठवड्यात त्यांचा शेवटच्या वर्षाच्या मुलांवर तास होता. मीही मागच्या बाकावर बसले होते. सगळ्यांनी वर्तमानपत्र वाचलं होतं, वर्गात टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत मॅडम खडूची धूळ झटकत राहिल्या. मग त्यांनी पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी लावले. एकेका खांबाचं झुकणं. दोन्हीवर तारीख नव्हती.

"यातला एक डोंगराचा आहे, एक म्हशीचा," त्या म्हणाल्या. "डोंगर कुठला?"

मुलं पुढे वाकली. कोणी डावा म्हणालं, कोणी उजवा. कोणी चढाचा कोन सांगितला, कोणी मधल्या थांब्यांचा काळ. हात वर करून मोजणी झाली, तर वर्ग जवळजवळ अर्धा अर्धा वाटला गेला. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा."

मॅडमनी त्या दोन रेघांकडे वळून पाहिलं. मी त्यांच्याबरोबर त्या आकड्यांवर वर्षानुवर्षं बसले होते. मलाही सांगता आलं नसतं.

"नुसत्या रेघेवरून मलाही ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "वह्या काढा."